‘नाहीं’ म्हणण्याचें स्वातंत्र्य

भांडवलशाही आणि समाजवाद यांपैकीं कोणती व्यवस्था मनुष्याला निवडीचें अधिक खरें स्वातंत्र्य देते, हा वाद आतां इतका जुना झाला आहे कीं, त्यांत पडणारा प्रत्येक जण प्रतिपक्षाचीं उत्तरें अगोदरच तोंडपाठ करून येतो. एक पक्ष दुकानांतल्या फळीवरील जिन्नस मोजून दाखवितो; दुसरा त्या दुकानासमोर रिकाम्या खिशानें उभ्या असलेल्या मनुष्याकडे बोट दाखवितो. पहिला मॉस्कोंतील रांगांची आठवण करून देतो, दुसरा मँचेस्टरच्या गिरण्यांची. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य असल्यामुळें वाद संपत नाहीं, आणि ‘निवड’ या शब्दाचा दोघेही वेगळा अर्थ करीत असल्यामुळें तो पुढेंही सरकत नाहीं. अशा स्थितींत, या प्रश्नाचा ज्यांत मुळापासून विचार झाला आहे अशा दोन ग्रंथांकडे परत वळावें, आणि त्यांनीं आपल्याला कोठपर्यंत आणून सोडलें आहे तें पाहावें, हेंच अधिक श्रेयस्कर.

हे दोन्ही ग्रंथ इ. स. १९४४ या एकाच वर्षीं प्रसिद्ध झाले. पहिला फ्रीड्रिख हायेक यांचा ‘द रोड टु सर्फडम’, म्हणजे ‘दास्याचा मार्ग’. दुसरा कार्ल पोलान्यी यांचा ‘द ग्रेट ट्रान्स्फॉर्मेशन’, म्हणजे ‘महापरिवर्तन’. दोन्ही ग्रंथकारांचा जन्म व्हिएन्ना नगरींतला. पोलान्यी १८८६ सालचे, हायेक १८९९ सालचे. हायेक १९३१ सालीं लंडनच्या अर्थशास्त्र-विद्यालयांत अध्यापक म्हणून गेले. पोलान्यी यांचें बालपण बुडापेस्टमध्यें गेलें, पुढें ते व्हिएन्नांत एका अर्थविषयक नियतकालिकाच्या संपादकवर्गांत होते; वातावरण असह्य होऊं लागतांच त्यांनीं १९३३ सालीं इंग्लंडची वाट धरली, आणि आपला ग्रंथ अमेरिकेंतील बेनिंग्टन येथें लिहिला. एकाच शहरांतून निघालेल्या आणि एकाच महायुद्धाच्या छायेंत लिहीत बसलेल्या या दोघांपुढें प्रश्नही एकच होता: युरोपांतील स्वातंत्र्य असें अकस्मात् कां कोसळलें? उत्तरें मात्र परस्परविरुद्ध आलीं. हायेक म्हणतात, समाजानें सगळा अर्थव्यवहार एका योजनेखालीं आणण्याचा हव्यास धरला म्हणून. पोलान्यी म्हणतात, समाजानें आपलें सगळें जीवन बाजाराच्या हवालीं करण्याचा हव्यास धरला म्हणून.

प्रथम हायेक यांचें म्हणणें पाहूं. त्यांच्या ग्रंथाला जी लोकप्रियता लाभली, तिनें त्याचें नुकसानही पुष्कळ केलें. १९४५ च्या एप्रिलमध्यें ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकानें त्याचा संक्षेप छापला, आणि तेव्हांपासून सरकारच्या कोणत्याही कृतीवर फेंकून मारण्याचा दगड म्हणून त्याचा उपयोग होऊं लागला. मूळ ग्रंथ इतका उथळ नाहीं. तो सर्व पक्षांतील समाजवाद्यांनाच अर्पण केलेला आहे, आणि त्याचा सूर शत्रूला आव्हान देणाऱ्याचा नसून वाट चुकत असलेल्या मित्राला हांक मारणाऱ्याचा आहे. त्यांतील मुख्य प्रमेय असें: अर्थव्यवहार हा जीवनाचा एखादा वेगळा कप्पा नव्हे, आपल्या सर्व हेतूंचीं साधनें त्यांतूनच येतात. म्हणून साधनें ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं हेतूही जातात. कागद, छापखाना, सभागृह, आगगाडीचें तिकीट आणि दोन वेळचें जेवण हें सारें एकाच धन्याकडून मिळणार असेल, तर घटनेनें दिलेलें भाषणस्वातंत्र्य छापावयाचें कोणत्या कागदावर? उलट धनी अनेक असतील, तर त्यांतील एकही फारसा सज्जन नसला तरी चालतें. एकानें दार लावलें तर दुसऱ्याचें ठोठावतां येतें. बाजारांत श्रीमंत होतां येतें हा त्याचा मोठा गुण नव्हे. तेथें कोणा एकाच्या मर्जीवर सर्वांना जगावें लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय, असें हायेक यांच्या विवेचनाचें सार आहे.

या प्रमेयाला इतिहासानें भरपूर पुरावा दिला आहे. रशियांत १९३२ च्या डिसेंबरांत अंतर्गत पारपत्राची पद्धति सुरू झाली. शहरवासीयांना तें पारपत्र मिळालें. सामुदायिक शेतीवरील बहुसंख्य शेतकऱ्यांना तें दिलेंच नाहीं, आणि परवानगीवांचून गांव सोडणें त्यांना दुरापास्त झालें. हा भेद काढून टाकणारा सरकारी निर्णय होण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. १९४० च्या जूनमधील फर्मानानें तर कारखान्यांतील मजुरानें अनुज्ञेशिवाय काम सोडणें हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा ठरविला. ती तरतूद १९५६ सालीं रद्द झाली. लेखकांची गोष्टही वेगळी नव्हती. १९४६ सालीं आन्ना आख्मातोवा ही कवयित्री आणि मिखाइल झोश्चेंको हा विनोदी लेखक यांना लेखकसंघांतून काढण्यांत आलें, तेव्हां त्यांचें लेखन छापणें तर थांबलेंच, पण त्यांच्या शिधापत्रिकाही गेल्या. जो टीकाकार तोच प्रकाशक, आणि जो प्रकाशक तोच वाणी, अशी अवस्था झाली म्हणजे लेखकाला कोणत्या दुकानाची पायरी चढावी हा प्रश्नच उरत नाहीं.

येथवर हायेक यांची वाट सरळ आहे. पण ज्या एकोणिसाव्या शतकाकडे ते इतक्या आदरानें पाहतात, त्याच शतकाचे कायदे चाळून पाहिले म्हणजे मन साशंक होतें. इंग्लंडांत धनी-चाकर यांच्या संबंधांविषयींचे जे कायदे होते, त्यांअन्वयें कराराची मुदत भरण्यापूर्वीं काम सोडणाऱ्या मजुराला १८७५ पर्यंत तुरुंगांत धाडतां येत असे. धन्यानें करार मोडला तर मात्र तें प्रकरण केवळ दिवाणी. हिंदुस्थानांत १८५९ च्या तेराव्या कायद्यानें आगाऊ पैसे घेतलेल्या मजुराला कामावर परत जाण्याचा हुकूम करण्याचा आणि न गेल्यास कैदेंत घालण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला होता. तो कायदा रद्द करणारा कायदा १९२५ सालीं झाला. म्हणजे खुल्या व्यापाराचा ध्वज सर्वांत उंच फडकत होता त्याच काळांत, काम सोडून जाणें हा मजुरापुरता गुन्हा होता! १९४० चें रशियन फर्मान आणि १८५९ चा हा कायदा शेजारीं शेजारीं ठेवले, तर कोणतें समाजवादाचें अपत्य आणि कोणतें खुल्या बाजाराचें, हें केवळ मजकुरावरून ओळखणें कठीण जाईल.

दुसरी अडचण याहून खोल आहे. एक दार लागलें तर दुसरें ठोठावावें, हें खरें. पण एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालत जाण्यास जे चार दिवस लागतात, त्या चार दिवसांत मनुष्यानें खावें काय? ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला करारस्वातंत्र्याचें तत्त्व पुष्कळ मोठमोठ्या पंडितांहून अधिक कळलें होतें. हायेक यांना न्याय देण्यासाठीं येथें सांगितलें पाहिजे कीं, अन्न, वस्त्र व निवारा यांची किमान शाश्वति सर्वांना देण्यास, तसेंच सरकारच्या साह्यानें आजार-अपघातांचा विमा उभारण्यास, ते स्पष्ट संमति देतात. त्यांच्या भक्तांना हीं पानें सहसा आठवत नाहींत. तथापि ग्रंथांत त्या शाश्वतीचें स्थान घराच्या मागील पडवीसारखें आहे. घराचा भार तिच्यावर नाहीं. केन्स यांनीं १९४४ सालीं हायेक यांना जें पत्र लिहिलें, त्यांत ग्रंथाच्या नैतिक भूमिकेशीं मनापासून सहमत होऊनही, रेघ कोठें तरी मारावी लागतेच हें तुम्ही मान्य करतां पण ती कोठें मारावी तें सांगत नाहीं, असा आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपाचें समाधान हा ग्रंथ करीत नाहीं.

आतां पोलान्यी. त्यांचा ग्रंथ वाचावयास कठीण आहे. मांडणी सैल आणि संदर्भ विपुल. पण हायेक यांनीं जो प्रश्न गृहीत धरून सोडून दिला, तोच हा ग्रंथ प्रथम विचारतो: बाजार आला कोठून? बाजार पावसासारखा आकाशांतून पडत नाहीं. तो कायद्यानें, पोलिसानें आणि पार्लमेंटानें मांडावा लागतो, असें पोलान्यी दाखवितात. इंग्लंडांत १७९५ पासून अनेक परगण्यांतून स्पीनहॅमलंड नांवाची पद्धति रूढ झाली होती. धान्याच्या भावाच्या मानानें मजुरी अपुरी पडली तर गांवच्या करांतून तिची भरपाई होई. या पद्धतीनें मजुराचें कल्याण केलें असें पोलान्यी म्हणत नाहींत. तिनें मजुरीचे दर पाडले आणि माणसाचा स्वाभिमान खच्ची केला, हें ते मोकळेपणानें सांगतात. पण १८३४ च्या कायद्यानें ती मोडून जें आणलें, तें अधिक भयंकर होतें. त्या कायद्याच्या धोरणाप्रमाणें धडधाकट मनुष्याला मदत हवी असेल, तर त्यानें सक्तीच्या गरीबखान्यांत जाऊन राहावें. आणि तेथील जिणें बाहेरच्या अगदीं हलक्या मजुराच्या जिण्याहूनही वाईट असावें, नवऱ्याला बायकोपासून वेगळें ठेवावें, अशी योजना बुद्धिपुरस्सर केलेली होती. एका बाजूला गरीबखाना, दुसऱ्या बाजूला गिरणी. मधल्या मोकळ्या जागेला ‘मजुरीचा खुला बाजार’ असें नांव मिळालें.

पोलान्यी यांचा सिद्धान्त असा कीं, श्रम, जमीन आणि पैसा या तीन गोष्टी विकण्यासाठीं निर्माण झालेल्या नाहींत. श्रम म्हणजे प्रत्यक्ष माणूस, जमीन म्हणजे निसर्ग. त्यांना कापडाच्या ठाणाप्रमाणें भावाच्या चढउतारावर सोडलें, तर समाज आत्मरक्षणासाठीं उसळतोच. ही उसळी कामगार-संघटनेचें रूप घेते, कधीं जकातीचें, कधीं फॅसिझमचेंही. त्यांनीं हिंदुस्थानांतील दुष्काळांचा दाखला दिला आहे, आणि तो आपल्या दख्खनला नेमका लागू पडतो. १८७६-७८ च्या दुष्काळांत खाजगी धान्यव्यापारांत हात घालावयाचा नाहीं हें सरकारचें ठाम धोरण होतें. आगगाडी होती, व्यापार खुला होता, देशांतून गहू परदेशीं जातच होता. धान्य जेथें पैसा होता तेथें गेलें, आणि पैसा दुष्काळी मुलखांत नव्हता. सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य व वर अल्पसा पैसा पुरे असें ठरविलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें दुष्काळाचीं तपशीलवार वृत्तें सरकारकडे पाठवून लोकांची दैना मांडली. त्या मजुराला कायद्यानें कोणतीही सक्ति नव्हती. खडी फोडावी किंवा न फोडावी, हें निवडण्यास तो पूर्ण स्वतंत्र होता!

पण पोलान्यी यांचेंही पारडें येथेंच तोलून पाहिलें पाहिजे. दख्खनच्या दुष्काळानंतर पन्नासपंचावन्न वर्षांनीं, १९३२-३३ सालीं, युक्रेन, कझाकस्तान आणि दक्षिण रशिया येथें लक्षावधि माणसें अन्नान्न करून मेलीं. तेथें खुला बाजार नव्हता. धान्य सरकारी अधिकारी वसूल करून नेत होते, आणि त्याही काळांत तें परदेशीं रवाना होत होतें. १९३३ च्या जानेवारींत तर युक्रेनच्या व कुबानच्या शेतकऱ्यांना अन्नाच्या शोधार्थ बाहेर पडण्याचीही बंदी झाली. दख्खनचा शेतकरी निदान गांव सोडून चालूं लागला तर त्याला कोणी रेल्वेस्टेशनावर अडवून परत पाठवीत नव्हतें. या भीषण घटनेला पोलान्यी यांच्या ग्रंथांत तिच्या तोलाची जागा मिळालेली नाहीं, हा त्या ग्रंथाचा मोठा दोष होय. श्रमाला बाजारांतून सोडविलें म्हणजे तो मनुष्याच्या हातीं येतो असें नव्हे; तो कचेरीच्या हातींही जाऊं शकतो.

असें असूनही, ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणांत पोलान्यी यांनीं एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. व्यक्तीला प्रवाहाविरुद्ध जाण्याचा हक्क कायद्यानें मिळाला पाहिजे. आणि ज्याला आपल्या सदसद्विवेकबुद्धीमुळें एखादें काम पत्करतां येत नाहीं, त्याला बाजूला होऊन जगण्याजोगा एखादा कोपरा, पहिल्या प्रतीचा नसला तरी चालेल असा, उपलब्ध असला पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा कोपरा येणार कोठून, हें मात्र ते सांगत नाहींत. सर्व कारखाने, शेतें आणि कचेऱ्या एकाच मालकीच्या झाल्या, तर त्या मालकाला नको असलेल्या माणसासाठीं तो स्वतः कोपरा राखून कां ठेवील? या प्रश्नाचें उत्तर हायेक यांच्या ग्रंथांत आहे: मालक अनेक ठेवा. आणि हायेक यांनीं सोडलेल्या प्रश्नाचें उत्तर पोलान्यी यांच्या ग्रंथांत आहे: माणसाला भुकेच्या धाकावर बाजारांत उभें करूं नका. परस्परांवर पाठ फिरवून लिहिलेले हे दोन ग्रंथ नकळत एकमेकांच्या पोकळ्या भरून काढतात.

यांतून आमच्या मतें एक कसोटी निघते. निवडीचें स्वातंत्र्य हें किती वस्तूंतून निवडतां येतें यावर मोजूं नये. जो हात आपल्याला अन्न देतो, त्या हाताला ‘नाहीं’ म्हणून मनुष्य उद्यां जेवूं शकतो कीं नाहीं, यावर मोजावें. ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्या होकाराला किंमत नसते. या नकाराला दोन गोष्टी लागतात: जावयास दुसरें दार, आणि तेथवर पोंचेपर्यंत घरांत दाणा. समाजवादानें दाण्याचें आश्वासन दिलें आणि दारें बुजविलीं. भांडवलशाहीनें दारें ठेवलीं आणि दाण्याची जबाबदारी नाकारली. दोन्हींपैकीं एकच हातीं असेल तर दुसरीही फार दिवस टिकत नाहीं.

दारें अनेक असलीं म्हणजे तीं एकमेकांपासून स्वतंत्र असतातच, असाही भरंवसा धरतां येत नाहीं. १९४७ पासून अमेरिकन चित्रपटसृष्टींत साम्यवादाच्या संशयावरून लेखकांची जी काळी यादी झाली, तींत सरकारी मालकी कोठेंच नव्हती. कंपन्या अनेक होत्या, पण सर्वांचीं दारें एकाच दिवशीं लागलीं. तथापि डॉल्टन ट्रंबो हा लेखक तुरुंगांतून सुटल्यावर टोपणनांवांनीं लिहीत राहिला, निर्माते गुपचूप त्याच्या कथा घेत राहिले, आणि १९५६ च्या चित्रपटांसाठींचें एक ऑस्कर पारितोषिक त्याच्या अशाच खोट्या नांवाला मिळालें. १९६० सालीं त्याचें खरें नांव पुन्हां पडद्यावर आलें. अनेक मालकांच्या कटाला कोठें तरी फट राहते, कारण कट मोडण्यांत कोणा तरी मालकाचा लाभ असतो. आख्मातोवाला ती फट नव्हती. येथें हायेक यांचें पारडें निःसंशय जड आहे.

परंतु जेथें मालकांना बांधणारी गोष्ट लाभाहून बळकट असते, तेथें हीही फट बुजते. आणि याचें सर्वांत स्पष्ट ज्ञान ज्या विचारवंताला होतें तो महाराष्ट्रांतला आहे. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठीं मुंबई सरकारनें १९२८ सालीं स्टार्ट समिति नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. समितीच्या १९३० च्या अहवालांत गांवोगांवच्या सामाजिक बहिष्काराचें वर्णन आहे: अस्पृश्यांनीं एखादा न्याय्य हक्क बजावतांच शेतकरी त्यांना मजुरी देत नाहींत, वाणी माल विकत नाहीं, वाट बंद होते. गांवांत जमीनमालक अनेक, दुकानदार अनेक. तरीही दार एकच, कारण जात एक. हायेक यांच्या सिद्धान्तांत या गांवाला जागा नाहीं. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनांत डॉ. आंबेडकरांनीं हाच मुद्दा व्यापक करून मांडला. सरकारनें हात आखडला म्हणजे स्वातंत्र्य वाढतें असें म्हणतात. पण तें वाढतें कोणाचें? जमीनदाराचें खंड वाढविण्याचें आणि मालकाचें मजुरी कमी करण्याचें, असा त्यांचा रोख आहे. बेकार मनुष्यापुढें एका हातीं नोकरी आणि दुसऱ्या हातीं मूलभूत हक्क धरले, तर तो काय उचलील, हें त्यांनीं अत्यंत परखडपणें विचारलें आहे.

त्यांनीं सुचविलेला उपाय म्हणजे मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन सरकारी मालकीची करणें. हा उपाय मात्र आमच्या कसोटीला पुरता उतरत नाहीं. गांवच्या अनेक दारांच्या जागीं सरकारचें एकच मोठें दार येण्याचा धोका त्यांत आहे. पण हा धोका स्वतः आंबेडकरांना दिसला होता, हें त्यांचें वैशिष्ट्य. म्हणूनच त्यांनीं ही व्यवस्था हुकूमशहाच्या किंवा बदलत्या बहुमताच्या हातीं न सोंपवितां घटनेंत लिहिण्याचा, आणि संसदीय लोकशाही कायम ठेवण्याचा आग्रह धरला. या आग्रहाचें महत्त्व इंग्लंडच्या अनुभवावरून कळतें. १९४५ सालीं तेथें मजूर पक्ष निवडून आला. कोळसा, रेल्वे सरकारी झाल्या. १९४७ सालीं कामगाराच्या नेमणुकीवर नियंत्रण घालणारा हुकूमही निघाला, आणि हायेक यांचें भय अगदींच काल्पनिक नव्हतें हें सिद्ध झालें. पण तो हुकूम १९५० सालीं मागें घेतला गेला, आणि १९५१ सालीं त्याच मतदारांनीं तो पक्ष सत्तेवरून उतरविला. जेथें राज्यकर्त्याला ‘नाहीं’ म्हणतां येतें, तेथें दास्याचा मार्ग अर्ध्यावरून परत फिरतां येतो.

स्वतंत्र हिंदुस्थाननें या दोहोंमधील वाट धरली, पण मधली वाट आपोआप चांगली असते असें नव्हे. तींत दोन्हींकडचे दोषही एकत्र येऊं शकतात. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानें कारखाना काढण्यास आणि वाढविण्यास परवाना आवश्यक केला. परिणामीं मध्यमवर्गीय गृहस्थाला स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि कारखानदाराला ग्राहकापेक्षां दिल्लीच्या सचिवालयाची मर्जी राखणें अधिक अगत्याचें वाटे. १९९१ नंतर हीं दारें उघडलीं आणि तें योग्यच झालें. पण वाचकांच्या घरांतील फळीवर जिन्नस वाढले याचा अर्थ शेतमजुराच्या हातीं नकार आला असा नव्हे. मोबाइलवरील आज्ञेबरोबर घरोघरीं जेवण पोंचविणारा तरुण आज दोनचार कंपन्यांतून एक निवडूं शकतो, हें खरें. पण दर आणि दंड ठरविणारें यंत्र जर सगळीकडे सारखेंच असेल, तर तो दार बदलतो, धनी बदलत नाहीं.

मग नकाराला बळ देणारी व्यवस्था कोठें दिसली आहे काय? पूर्ण स्वरूपांत कोठें नाहीं. पण तिचा एक अंश दख्खनच्याच मातींत उगवला आहे, आणि तो दोन्ही ग्रंथांच्या वर्गवारींत बसत नाहीं. १९७२ च्या अवर्षणांत लक्षावधि माणसें दुष्काळी कामांवर आलीं. विधानपरिषदेचे तत्कालीन सभापति वि. स. पागे यांच्या पुरस्कारानें पुढें आलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्रानें १९७७ सालीं कायद्याचें रूप दिलें, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. टेंपल यांची एक रत्तलाची मजुरी १८७७ सालची; बरोबर शंभर वर्षांनीं त्याच मुलखांत, काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम किंवा बेकारभत्ता, तो हक्क म्हणून, असा कायदा झाला. २००५ सालीं केंद्र सरकारनेंही याच धर्तीचा राष्ट्रीय कायदा केला. महाराष्ट्राच्या योजनेच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसविण्यांत आला होता. शहरांतील पगारदाराच्या वेतनांतून कापला जाणारा तो कर म्हणजे, खेड्यांतील मजुराला पाटलाच्या शेतावर ‘नाहीं’ म्हणतां यावें यासाठीं दिलेली वर्गणी होय.

या योजनेचें स्तुतिस्तोत्र गाण्याचा हेतु नाहीं. काम वेळेवर न निघणें, मजुरी थकणें, हजेरीपटावर खोटीं नांवें, हे तिचे दोष सर्वश्रुत आहेत. पण तिचें तत्त्व लक्षांत घेण्यासारखें आहे. तिनें खाजगी शेत काढून घेतलें नाहीं, बाजार बंद केला नाहीं, मजुराला कोणत्याही दारांत बांधून ठेवलें नाहीं. तिनें इतकेंच केलें, कीं गांवांतील सगळीं दारें लागलीं तरी एक दार कायद्यानें उघडें राहील अशी सोय केली. मजूर त्या दारीं न जातांही त्याचा उपयोग त्याला होतो. कारण तें दार आहे, हें मालकालाही ठाऊक असतें.

आतां कोणी म्हणेल, हा तर दोन्ही पक्षांना खूष करण्याचा प्रयत्न झाला. स्पष्ट निकाल द्या. निकाल स्पष्ट आहे. अनेक मालकांची व्यवस्था आणि एकाच मालकाची व्यवस्था यांतून एकच निवडावयाची वेळ आली, तर अनेक मालकांची निवडावी; कारण तींत चूक सुधारण्यास, लेखकाला लपून लिहिण्यास आणि मजुराला पळून जाण्यास जागा राहते. पण ही निवड केल्यावर स्वातंत्र्य हातीं आलें असें समजूं नये. तें मिळविण्याची परवानगी तेवढी हातीं आली. त्यानंतर प्रत्येक घरांत चार दिवसांचा दाणा असेल, आणि जातीनें किंवा कंपन्यांच्या संगनमतानें दारें एकदम लागणार नाहींत, हें पाहण्याचें काम उरतें, आणि तें बाजार आपण होऊन करीत नाहीं. हायेक यांच्या वाचकाला हें दुसरें काम कमी प्रतीचें वाटतें, पोलान्यी यांच्या वाचकाला पहिली निवड अनावश्यक वाटते. म्हणून हे दोन्ही ग्रंथ एकत्रच वाचावे; आणि ज्यांना सवड आहे त्यांनीं त्यांच्या शेजारीं आंबेडकरांचें तें छोटें निवेदनही ठेवावें. युरोपांतील दोन पंडितांना जें गांव दिसलें नाहीं तें त्यांत दिसतें, आणि आपला प्रश्न त्याच गांवांत सुटावयाचा आहे.